खो-खोतल्या पळतीचा हिशेब

अमेरिकेतला भाचा तिकडच्या फुटबॉलचा भक्त झाला आहे. आपला फुटबॉल नव्हे, तो लांबट चेंडूचा आणि शिरस्त्राणवाल्यांचा. मध्यंतरी फोनवर त्याने मला त्याच्या आवडत्या संघाच्या नव्या आक्रमणाबद्दल पाऊण तास सांगितलं. त्यात एक 'रनिंग बॅक' असतो. चेंडू त्याच्या हातात दिला जातो आणि तो समोरच्या भिंतीतली फट शोधून घुसतो. नव्या प्रशिक्षकाने या पळणाऱ्यांचा वापर कसा बदलला, कुणाला कुठे उभं केलं, वगैरे वगैरे. शेवटी म्हणाला, "मामा, आपल्याकडे असला डोकेबाज पळण्याचा खेळ नाही ना!"

मंडळी, नाशिकच्या माणसाला हे ऐकून घेणं जड जातं. म्हटलं, अरे, तुझा रनिंग बॅक चेंडू घेऊन पळतो. आमचा गडी रिकाम्या हाताने पळतो, मागे नऊ जण लागलेले असतात, आणि पळण्याबद्दल त्याला फळ्यावर एक गुणही मिळत नाही. त्याला पटलं नाही. म्हणून हा लेखप्रपंच. भाच्यासाठी, आणि शाळा सुटल्यावर खो-खो विसरलेल्या आपल्या सगळ्यांसाठी.

आधी थोडा इतिहास. खो-खो किती जुना, यावर गप्पा पुष्कळ आहेत, अगदी महाभारतातल्या रथांपर्यंत. त्या वाटेला मी जात नाही. कागदावरचा खो-खो मात्र नक्की मराठी मुलखातला. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली त्याचे नियम बांधले. पुढे बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने आणि नंतर अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने त्यात भर घातली. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० साली विजयवाड्याला झाली आणि पुढच्याच वर्षी कोल्हापूरला महिलांची. म्हणजे मुलींना या खेळात फार काळ दाराबाहेर ताटकळावं लागलं नाही. हे त्या काळच्या खेळांमध्ये थोडं वेगळंच म्हणायचं.

आता मुख्य गोष्ट, मैदानाची रचना. दोन टोकांना दोन खांब, त्यांना जोडणारी मधली पट्टी, आणि पट्टीवर आठ चौकटींत आठ जण बसलेले, एकाचं तोंड इकडे तर शेजारच्याचं तिकडे. नववा उठून पाठलाग करतो. या पाठलाग करणाऱ्यावर नियमांची बेडी आहे. त्याला मधली पट्टी ओलांडता येत नाही. एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागे वळता येत नाही. पलीकडच्या अंगाला जायचं तर बसलेल्याला पाठीमागून हात लावून 'खो' द्यायचा, की तो उठून तिकडे धावणार. पळणाऱ्याला यातलं एकही बंधन नाही. तो कुठूनही घुसेल, कुठेही वळेल, थांबेल, मागे फिरेल. एकाकडे माणसं जास्त, दुसऱ्याकडे मोकळीक जास्त. सगळा खेळ या दोन पारड्यांचा आहे.

म्हणून नुसता वेगवान गडी खो-खोत टिकत नाही. शंभर मीटरचा शाळेतला विजेता आणून उभा करा, चौथ्या खोला बाद होईल. टिकतो तो ज्याला मोजता येतं. बसलेल्यांच्या मधून एकेकाला वळसा घालत नागमोडी गेलं की झाली एकेरी साखळी. दोघादोघांना वळसा घातला की दुहेरी. शिवाय एकाच टोकाजवळच्या दोन-चार चौकटींभोवती गोल फिरत राहण्याचा खेळ आहेच. त्यात पाठलाग करणाऱ्यांना पुन्हा पुन्हा तेच दोन-तीन खो द्यावे लागतात, ताल चुकतो, फाउल होतो, आणि घड्याळ पुढे सरकतं. मग हुलकावणी. खांदा डावीकडे टाकायचा आणि पाय उजवीकडे. ज्याने जवळून पाहिलं आहे त्याला विचारा, चांगला पळणारा मागच्याकडे बघतच नाही. तो बघतो बसलेल्यांकडे. कोण उठणार आहे हे त्याला उठणाऱ्याच्या आधी कळलेलं असतं.

हे झालं एकाचं. आता संघाचं, म्हणजे भाच्याच्या प्रश्नाचं. पळणारे एकदम नऊ येत नाहीत, तिघातिघांच्या तुकड्या येतात. पहिली तुकडी पूर्ण बाद झाली की दुसरी, मग तिसरी. पाळी नऊ मिनिटांची. कर्णधाराचं खरं डोकं इथे लागतं. आपले तीन सर्वोत्तम पळणारे पहिल्याच तुकडीत घालावेत का? त्यांनी चार-पाच मिनिटं खाल्ली तर अर्धं काम झालं. पण तेव्हा समोरचा संघ ताजातवाना असतो, आणि ते तिघे दोन मिनिटांत गेले तर मागे उरलेल्यांचं काही खरं नाही. की एकेक पक्का गडी एकेका तुकडीत वाटून द्यावा? म्हणजे प्रत्येक तुकडीला कणा राहतो, पण एकाच्या जिवावर बाकीचे दोन ढिले पडतात. याला एकच बरोबर उत्तर नाही. समोरचा संघ बघून ठरवायचं. अमेरिकेत प्रशिक्षक याचसाठी जाडजूड वह्या बाळगतात म्हणे. आपल्याकडे हे मैदानाच्या कडेला उकिडवं बसून, मातीत काडीने रेघा ओढून ठरत असे.

आणि आता हिशेबाचा मुद्दा. जुन्या नियमात एक गडी बाद केला की एक गुण. तो मारणाऱ्याच्या नावावर. आणि जो तीन मिनिटं टिकला त्याला? काही नाही. त्याने केलं ते एवढंच की समोरच्याचे गुण होऊ दिले नाहीत. न झालेल्या गोष्टीची नोंद फळ्यावर कशी करणार? घरातल्या बाईच्या कामासारखं आहे हे. केलं तर दिसत नाही, राहिलं तर बोंब.

पण एका ठिकाणी ती नोंद होत होती. मराठी वर्तमानपत्रांत. आतल्या पानावर, कोपऱ्यात, बारीक टायपात. अमक्याने दोन मिनिटं दहा सेकंद संरक्षण केलं आणि तीन गडी टिपले, तमकी एक मिनिट चाळीस सेकंद नाबाद. क्रिकेटच्या धावफलकाला साजेशी शिस्त, पण शाळा-मंडळांच्या सामन्यांसाठी. माझी मोठी आत्या सत्तरच्या दशकात खेळायची. तिच्या नावापुढे छापलेले ते मिनिट-सेकंद तिने कापून ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवले होते. पदक एकही नाही. ते दोन आकडे मात्र होते. आमच्या घरी पाहुणे आले की आजोबा ट्रंक उघडून दाखवायचे आणि आत्या आत पळून जायची. (तिथेही पळतीच! :-) )

एका प्रसंगी मात्र जुना नियमही पळणाऱ्यापुढे झुकायचा. सामना बरोबरीत सुटला की अलाहिदा डाव, आणि तोही बरोबरीत गेला की 'लघुत्तम आक्रमण'. म्हणजे पहिला गडी बाद करायला कुणाला किती कमी वेळ लागला, ते मोजायचं. तेव्हा अख्खा सामना पळणाऱ्यांच्या सेकंदांवर येऊन थांबतो. मैदानावर चिडीचूप शांतता. मला वाटतं, खो-खोचं सगळं सौंदर्य त्या शांततेत आहे.

मग काळ बदलला. मातीवरून खेळ मॅटवर गेला. बदल वरवर साधा दिसतो, पण त्याने तोल हलला. मातीत सूर मारणं म्हणजे कोपर, गुडघा, हनुवटी यांची किंमत मोजणं. आदल्या दिवशी मैदानावर पाणी मारून, खडे वेचून, फक्कीने रेघा आखल्या तरी माती ती मातीच. त्यामुळे सूर हे हुकमी पान होतं, राखून वापरायचं. मॅटवर तो रोजचा झाला. खांबाला धरून झेपावणं आणि उभ्या धावेतून अंग झोकून देणं, दोन्हींमुळे पाठलाग करणाऱ्याचा हात दोन-तीन फूट लांब झाला. पळणाऱ्याला जे अंतर सुरक्षित वाटायचं ते आता सुरक्षित उरलं नाही.

२०२२ मध्ये पुण्याला बालेवाडीत 'अल्टिमेट खो-खो' ही लीग सुरू झाली, आणि नियमच नवे आले. नऊऐवजी सात खेळाडू, मैदान आखूड, गडी बाद केला की एकाऐवजी दोन गुण, सुराला त्याहून जास्त. आणि एक नवं पात्र, 'वजीर'. पाठलाग करणाऱ्यांतला हा एक गडी कुठल्याही दिशेला वळू शकतो. म्हणजे त्याच्या पायातली शंभर वर्षांची बेडी काढली. जुन्या मंडळींनी कपाळावर हात मारला. तेही साहजिकच, कारण वर सांगितलेली दोन पारडी आठवा. पळणाऱ्याकडे जी एकमेव गोष्ट जास्त होती ती आता समोरच्या एकाला देऊन टाकली.

पण त्याच नियमावलीत दुसऱ्या बाजूला एक गोष्ट केली आहे, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. 'ड्रीम रन'. तुकडी ठरावीक वेळेपेक्षा जास्त टिकली की बचाव करणाऱ्या संघालाच गुण! खो-खोच्या इतिहासात पळण्याला पहिल्यांदा फळ्यावर रकाना मिळाला. पहिल्या हंगामाच्या अंतिम सामन्यात ओडिशाने तेलुगू योद्धाजना ४६-४५ असं एका गुणाने हरवलं. जिथे एकेक गुण असा मोलाचा असतो, तिथे टिकून राहण्याचा गुण दागिन्यापुरता राहत नाही.

भाच्याच्या खेळातही असंच झालं होतं. १९०६ मध्ये तिथे चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली. तोवर सगळं काम पळणाऱ्याचं आणि ढकलाढकलीचं होतं. नव्या नियमाने पळणारा संपला नाही. तो कधी पळतो, कधी पळण्याचं नाटक करतो, कधी स्वतःच पास झेलतो. नियम बदलले की माणसाचं काम बदलतं. कसब मरतंच असं नाही, ते दुसरी वाट काढतं. वजिरासमोर आता मधली साखळी पूर्वीइतकी भरवशाची नाही, तेव्हा पळणारे वजीर कुठे बसलाय ते बघून त्याच्यापासून लांबचं टोक धरतात. पुन्हा मोजणंच आलं. फक्त गणित नवं.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला, याच नव्या अंगाच्या खेळाचा. भारताच्या दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं. महिलांनी ७८-४० आणि पुरुषांनी ५४-३६. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार आपले, महाराष्ट्राचे. आनंद झाला, पेढे वाटले. पण एक गोष्ट खुपते. लीगचे पहिले दोन्ही हंगाम फक्त पुरुषांचे झाले. ज्या खेळात मुलींची राष्ट्रीय स्पर्धा साठ वर्षांपूर्वीपासून आहे, त्या खेळात पैसा आला तेव्हा दार एकाच बाजूचं उघडलं.

आणि हे आपल्या जिल्ह्यात जास्त जाणवतं. आज नाशिकचा खो-खो म्हटला की नाव येतं ते सुरगाणा तालुक्याचं. अलंगुणसारख्या गावातल्या आदिवासी मुली राज्याच्या संघापर्यंत पोचल्या. त्यांच्याबद्दल एक वाक्य हमखास ऐकू येतं, "डोंगरातली पोरं, पळणारच!" मला हे कौतुक वाटत नाही. डोंगर चढल्याने दम वाढेल, मान्य. पण साखळी डोंगरात शिकता येत नाही. कोण उठणार हे आधी ओळखणं, टोकाला गोल धरणं, तिसऱ्या पावलाला खांदा टाकणं, हे मैदानावर, कुणीतरी शिकवल्याने आणि रोज घासल्याने येतं. "पळणारच" म्हणताना त्या मुलीची मेहनत आणि तिच्या मास्तरांची वर्षं आपण एका शब्दात पुसून टाकतो. पुन्हा तेच, पळतीचा हिशेब न मांडणं!

शिवाय त्या मुलींसाठी हा हिशेब नुसता कौतुकाचा नाही. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. त्या वाटेवर प्रमाणपत्र लागतं, संघात निवड लागते, आणि निवड करणाऱ्याला कागदावर काहीतरी दिसावं लागतं. मारलेले गडी पटकन दिसतात. वाचवलेली मिनिटं दिसायची तर ती कुणीतरी लिहून ठेवायला हवीत. बारीक टायपातली ती ओळ म्हणूनच मला मोलाची वाटते, आणि ड्रीम रनचा तो गुणसुद्धा, वजिराबद्दल माझी तक्रार कायम ठेवून.

असो. भाच्याला हे सगळं पाठवलं आहे. त्याचं उत्तर आलं, "पण मामा, मग तुमचा रनिंग बॅक आक्रमणात की बचावात?" प्रश्न चांगला आहे. माझ्या मते तो बचावातला आक्रमक आहे. वेळ खातो, आणि समोरच्याकडे दुसरं काही नसतंच. तुम्हाला काय वाटतं? आणि आपल्या नात्यातल्या, ओळखीतल्या कुणाच्या ट्रंकेत, वहीत असे मिनिट-सेकंद चिकटवलेले असतील तर जरूर कळवा. जमवून ठेवू या एका जागी. फळ्यावर नसले तरी कुठेतरी असायला हवेत.