काजळी वाचणारी माणसं

आपल्या धाराशिव जिल्ह्याचा इतिहास म्हटलं की नळदुर्गाचा पाणीमहाल, परंड्याच्या तोफा, तेरचं त्रिविक्रम मंदिर आणि तुळजापूरची आई, एवढं सांगून माणूस थांबतो. बरोबरच आहे म्हणा. पण या जिल्ह्याला आणखी एक इतिहास आहे. तो ताम्रपटावर नाही, बोटभर लांबीच्या एका चिनीमातीच्या वस्तूवर काजळीने लिहिलेला आहे. ती वस्तू म्हणजे गाडीचा प्लग. हसू नका, खरंच सांगतोय!

प्लगचं काम एका वाक्यात सांगता येतं. सिलिंडरमध्ये दाबलेल्या पेट्रोल-हवेच्या मिश्रणात ठिणगी पाडायची, बस्स. १८६० साली लेन्वार नावाच्या गृहस्थाने पॅरिसमध्ये गॅसवरचं इंजिन केलं, त्यात विजेची ठिणगी होती. पण भरवशाची ठिणगी मिळायला १९०२ साल उजाडलं. जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड या इंजिनियरने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला जोडीदार म्हणून प्लग तयार केला. पुढचा सगळा झगडा त्या पांढऱ्या भागाचा. उष्णता, धक्के आणि हजारो व्होल्ट सोसून तो तडकता कामा नये. चिनीमाती झाली, अभ्रक झाला, शेवटी अॅल्युमिनाची भाजलेली माती टिकली. आजही तीच असते.

आता हे सगळं आपल्याकडे कसं आलं? त्यासाठी आधी रेल्वेकडे बघावं लागेल. बार्शी लाईट रेल्वे १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली आणि १९११ पर्यंत लातूरला पोचली. ती छोटी गाडी येडशीवरून जायची, जिल्ह्याचं गाव मात्र बाजूलाच राहिलं. धाराशिवला स्टेशन मिळालं ते ब्रॉडगेज झाल्यावर, म्हणजे या शतकात. तोवर जायचं-यायचं ते रस्त्याने. जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता (उस्मानाबाद हे नाव त्याच मीर उस्मान अली खानांचं). निजाम स्टेट रेल्वेने १९३२ मध्ये २७ बस घेऊन रस्ता वाहतूक सुरू केली. १९४८ ची पोलिस अॅक्शन झाली, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि मग लाल एसटी गावोगाव दिसू लागली. एसटीचं डिझेल इंजिन दाबानेच पेटतं, त्याला प्लग लागत नाही. म्हणजे सार्वजनिक गाडीतला प्रवासी प्लगच्या वाटेला कधी गेलाच नाही. प्लग घरात आला तो स्वतःच्या गाडीबरोबर.

ती गाडी म्हणजे अर्थात स्कूटर. बजाज ऑटो आधी इटलीच्या पियाज्योच्या परवान्यावर व्हेस्पा बनवायची. तो करार संपल्यावर १९७२ मध्ये चेतक आली. त्याच साली फिरोदियांच्या कायनेटिकने लूना आणली. चेतकसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघणाऱ्या पिढीतले आत्या, काका हे वाचत असतीलच. एवढी वाट बघून मिळालेली गाडी बिघडली म्हणून कोणी बदलत नसे. ती समजून घ्यावी लागे. आणि समजून घ्यायची पहिली पायरी होती प्लग.

चेतकचा प्लग तसा अडचणीतच. उजवीकडचं फुगीर झाकण काढायचं, रबरी टोपी ओढायची आणि पत्र्याच्या आवरणात हात घालून प्लगपाना आंधळेपणाने बसवायचा. पाना तिरका बसला तर चिनीमाती तडकणार. इंजिन तापलेलं असताना फिरवलं तर हेडच्या अॅल्युमिनियमचे आटे जाणार. म्हणून जाणता माणूस आधी गाडी सावलीत उभी करायचा, चहा प्यायचा. परत बसवताना पहिले चार-पाच फेरे पान्याने नाही, बोटांनी. वॉशर नवा असेल तर प्लग टेकल्यावर पान्याने अर्धा फेरा पुरे. हे सगळं लिहिलेलं पुस्तक गावात कोणाकडे नव्हतं. ते हातातून हातात गेलं.

बाहेर काढलेल्या प्लगचं मग वाचन व्हायचं. टोक बिस्किटी, फिकट तपकिरी असेल तर सगळं ठीक. कोरडी, मखमलीसारखी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा एअर फिल्टर धुळीने भरलाय (आपल्याकडचा उन्हाळा आणि ती धूळ माहीतच आहे). ओलं, तेलकट काळं असेल तर टू-स्ट्रोकमध्ये ऑइल जास्त पडलंय, फोर-स्ट्रोकमध्ये रिंगा गेल्यात. पांढरं, फोड आल्यासारखं दिसलं तर इंजिन तापतंय: हवा जास्त, पेट्रोल कमी, किंवा प्लगच चुकीच्या नंबरचा. आणि कधी कधी दोन टोकांच्या मधल्या फटीत कार्बनचा केसाएवढा धागा अडकलेला असायचा. तेवढ्याने गाडी ठप्प! शिवाय प्लग कधी काढला हेही बघायचं. गावातल्या गावात फिरवलेल्या गाडीचा प्लग काळाच दिसणार. तुळजापूरचा घाट चढून आल्या आल्या इंजिन बंद करून काढलेला प्लग खरं बोलतो.

आता गंमत बघा. ही लिपी कायम एकच राहिली नाही. जुन्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं आणि प्लगवरचा तो ओळखीचा रंग फिकट झाला. जुनी नजर घेऊन नवा प्लग बघितला की चांगलं इंजिनही तापल्यासारखं वाटायचं. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्याची काजळी आणखी कमी. इथेनॉल उसाच्या मळीपासून आणि रसापासूनही होतं, म्हणजे ऊस पिकवणाऱ्या आपल्या जिल्ह्याचा प्लगशी आता वेगळाच संबंध जोडला गेलाय. असो.

प्लग अवघड जागी जाण्याचाही इतिहास आहे. १९८४ मध्ये मारुती व्हॅन आली, तिचं इंजिन पुढच्या सीटखाली. तीन प्लग बघायचे म्हणजे आधी माणसं उतरवायची, मग सीट उचलायची. २००३ च्या पल्सरमध्ये एका सिलिंडरला दोन प्लग आले. एक समोर हाताशी, दुसरा आडबाजूला. आजच्या मोटारीत तर प्लग हेडमधल्या खोल विहिरीत असतो आणि वर कॉइल बसवलेली. तिथे लांब एक्स्टेंशन आणि आत रबर असलेला सॉकेट लागतो. आधी हवा मारून विहिरीतली माती उडवायची, नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये. इरिडियमचा प्लग लाखभर किलोमीटर चालतो. त्याला पॉलिश पेपर लावायचा नाही, ठोकून फटही बदलायची नाही.

यात वाईट काय, असं कोणी म्हणेल. खरं तर काहीच नाही. गाड्या जास्त चालतात, धूर कमी सोडतात, बायाबापड्यांना भर उन्हात रस्त्यात उभं राहावं लागत नाही. जुन्या चेतकच्या आठवणीने गळा काढण्यात मला रस नाही. टू-स्ट्रोकचा तो निळा धूर गेला ते बरंच झालं.

पण एक गोष्ट मला खटकते. पूर्वी मेकॅनिक प्लग काढून तुमच्या तळहातावर ठेवायचा. "बघा साहेब." पुरावा तुमच्या समोर असायचा. दोन-चारदा बघितलं की न शिकलेल्या माणसालाही काळं आणि बिस्किटी यातला फरक कळायचा आणि मग त्याला फसवणं अवघड व्हायचं. आता स्कॅनर लावला की पडद्यावर येतं: पी-०३०१. म्हणजे पहिल्या सिलिंडरची ठिणगी चुकतेय. का चुकतेय? प्लग, कॉइल, इंजेक्टर की वॉल्व्ह? ते तो आकडा सांगत नाही. त्यासाठी अजूनही कोणीतरी विहिरीत हात घालून प्लग काढावाच लागतो. फरक इतकाच, की बऱ्याच ठिकाणी गिऱ्हाईक तेव्हा काचेच्या पलीकडे एसी खोलीत बसलेलं असतं, आणि हातात येतं ते बिल.

२०२० मध्ये चेतक विजेवर परत आली, २०२४ मध्ये लूनाही. दोघींना प्लग नाही. म्हणजे एक-दोन पिढ्यांत ही लिपी मोडीसारखी होणार. मोडी वाचणारे कमी झाले तेव्हा कागद जळले नाहीत, ते दफ्तरात तसेच राहिले. फक्त आपल्याच आजोबांचं खरेदीखत वाचायला दुसऱ्याकडे जावं लागलं.

तेव्हा मंडळी, पुढच्या सर्व्हिसिंगला एवढंच करा. जुना प्लग मागून घ्या आणि उजेडात धरून बघा. आणि घरात कोणी चेतक-लूनावाले आजोबा असतील तर तो त्यांच्या हातात द्या. काय सांगतात ते मलाही जरूर कळवा.