कृष्णाकांठच्या दोन राजधान्या

सुट्टी जवळ आली म्हणजे आपणां शहरी मंडळींचें मन प्रथम समुद्राकडे धांव घेतें. स्वच्छ ऊन, वाळूचा किनारा, सायंकाळचा वारा यांची ओढ कोणाला नाहीं? ज्यांना समुद्र नको असतो, ते महाबळेश्वरची वाट धरतात. पण त्याच महाबळेश्वरीं उगम पावणाऱ्या कृष्णेला स्वतःचा एक किनारा आहे, आणि तोहि उन्हानें न्हालेला आहे. आज त्या किनाऱ्यानें आपणांला सातारा आणि सांगली या दोन गांवांस न्यावें, असा माझा विचार आहे.

तेथें पाहण्यासारखें काय आहे, असें कोणी विचारील. नुसती स्थळांची यादी देऊन या प्रश्नाचें उत्तर होत नाहीं. हीं दोन्ही गांवें एके काळच्या राजधान्या. साताऱ्याचें राज्य १८४८ सालीं कंपनी सरकारनें खालसा केलें. सांगलीचें संस्थान बरोबर शंभर वर्षांनीं, १९४८ च्या मार्चांत, मुंबई प्रांतांत विलीन झालें. राज्य गेल्यावर राजधानींत मागें काय उरतें, हें डोळ्यांनीं पाहावयाचें असेल तर या दोन गांवांची सफर करावी.

आरंभ वाईपासून करूं. वाईजवळ मेणवलीस नाना फडणिसांचा वाडा आहे आणि वाड्याला लागून कृष्णेचा सुंदर घाट आहे. घाटाजवळच्या एका लहानशा देवळांत एक प्रचंड घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ हें साल असून बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृति आहे. ही घंटा मूळची वसईची. चिमाजीअप्पांनीं १७३९ सालीं वसई जिंकली, तेव्हां तेथील चर्चांच्या घंटा विजयाच्या खुणा म्हणून देशावर आल्या व ठिकठिकाणच्या देवळांत लागल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळावर आहे ती त्यांतलीच. समुद्रकांठची घंटा नदीकांठीं आली, देव बदलला, पण नाद तोच राहिला.

वाईहून नदी खालीं येते ती माहुलीस. येथें वेण्णा कृष्णेला मिळते. संगमावरचीं काळ्या दगडाचीं देवळें आणि पायऱ्यांचे घाट पाहावे ते सकाळीं, कोंवळें ऊन पाण्यावर आलेलें असतांना. छत्रपति शाहूमहाराज १७४९ च्या डिसेंबरांत निवर्तले, त्यांची समाधि येथेंच आहे. ज्यांच्या नांवानें पेशव्यांच्या फौजा उत्तरेंत दूरवर गेल्या, त्यांची समाधि किती साधी, असें पाहणाऱ्याला क्षणभर वाटतें. रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे. नारायणरावाच्या खुनाबद्दल देहांत प्रायश्चित्त हीच शिक्षा, असें राघोबादादांना तोंडावर सांगणारा न्यायाधीश या लहानशा गांवानें दिला, हें येथल्या घाटावर बसल्यावर आठवावें.

माहुलीहून सातारा अगदीं जवळ. शहराच्या माथ्यावर अजिंक्यतारा उभा आहे. १६९९ च्या अखेरीस औरंगजेब स्वतः या किल्ल्याला वेढा घालून बसला होता. मोंगलांनीं तटाखालीं सुरुंग उडविले, त्यांतला एक उलटून त्यांचींच माणसें मोठ्या संख्येनें गाडलीं गेलीं. तरीहि १७०० च्या एप्रिलांत किल्ला त्यांच्या हातीं गेला. पुढें तो परत मिळाला आणि १७०८ च्या जानेवारींत शाहूमहाराजांना येथेंच राज्याभिषेक झाला. डोंगर चढावयास फार वेळ लागत नाहीं. वर उभें राहून खालीं पाहिलें म्हणजे शहराची बैठक लक्षांत येते.

खालीं गांवांत उतरल्यावर राजवाडा पाहावा, आणि तो पाहतांना प्रतापसिंह महाराजांचें चरित्र मनांत असावें. १८१८ सालीं पेशवाई बुडाली व इंग्रजांनीं या तरुण छत्रपतींना गादीवर बसविलें. मिळालें तें राज्य लहान, आणि वर रेसिडेंटाचा पहारा. तरीहि या राजानें रस्ते बांधले, शहरासाठीं पाण्याची सोय केली, शिक्षणाला उत्तेजन दिलें. महाबळेश्वरचा डोंगरसुद्धां १८२९ सालीं खंडाळ्याच्या मोबदल्यांत त्यांनींच इंग्रजांना दिला. आज तेथें हवा खावयास जाणाऱ्यांपैकीं थोड्यांनाच याची आठवण असते. असा हा राजा १८३९ सालीं कटाचा आरोप येऊन पदच्युत झाला, काशीस पाठविला गेला आणि १८४७ सालीं तेथेंच वारला. त्याची बाजू मांडण्यासाठीं रंगो बापूजी गुप्ते हे विलायतेस गेले व लंडनमध्यें कित्येक वर्षें खटपट करीत राहिले. न्याय मिळाला नाहीं. धाकटे बंधु शहाजीराजे १८४८ च्या एप्रिलांत निवर्तले. त्यांनीं घेतलेला दत्तक डलहौसीनें अमान्य केला. राज्य संपलें.

पण गोष्ट येथें संपत नाहीं. ज्या राजवाड्यांतून सत्ता गेली, त्याच राजवाड्यांत पुढें इंग्रजी शाळा भरूं लागली. १९०० सालच्या ७ नोव्हेंबरला त्या शाळेच्या पटावर भिवा रामजी आंबेडकर हें नांव दाखल झालें. शेंकडों वर्षें ज्यांच्यासाठीं विद्येचीं दारें बंद होतीं, त्यांतला एक मुलगा राजवाड्याच्या दारांतून आंत गेला. साताऱ्याच्या साऱ्या इतिहासांत याहून मोठा प्रवेश कोणत्या सरदारानें केला असेल? त्या शाळेला आज प्रतापसिंह महाराजांचेंच नांव आहे.

साताऱ्याचे कंदी पेढे बरोबर घ्यावे आणि नदीच्या संगतीनें पुढें निघावें. कऱ्हाडला कोयनेला पोटांत घेऊन कृष्णा सांगलीस येते, तेव्हां तिचें पात्र रुंद झालेलें असतें. मिरजकर चुलत्यांशीं न पटल्यानें चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन वेगळे झाले आणि १८०१ च्या सुमारास त्यांनीं या लहान गांवीं आपली राजधानी केली. नदीकांठचें गणपतीचें दगडी देऊळ त्यांचेंच. त्याचें काम सुमारें तीस वर्षें चाललें होतें.

मात्र चिंतामणरावांचें खरें स्मारक दगडाचें नव्हे. कर्नाटकांतल्या एका भागवत मंडळीचे खेळ त्यांनीं पाहिले आणि असें कांहीं मराठींत करावें, असें आपल्या आश्रयाच्या विष्णुदास भाव्यांना सांगितलें. ५ नोव्हेंबर १८४३ रोजीं दरबारापुढें ‘सीतास्वयंवर’ झालें आणि मराठी नाटकाचा उगम सांगलींत झाला. पुढें देवल आणि खाडिलकर याच परिसरानें दिले. आजहि ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमिदिन म्हणून पाळतात आणि भाव्यांच्या नांवाच्या नाट्यगृहांत त्या दिवशीं रसिकांची गर्दी होते. सांगलीस जाणें झालें तर त्या सुमारास जावें.

येथला घाट मात्र मावळतीला पाहावा. समोर १९२९ सालीं खुला झालेला आयर्विन पूल दिसतो. जवळच हरिपुरास वारणा कृष्णेला मिळते. तेथील जमिनींतल्या पेवांत पूर्वीं हळद वर्षानुवर्षें सुरक्षित राहत असे. २००५ च्या पुरानें त्यांतलीं बहुतेक पेवें निकामी केलीं. २०१९ च्या ऑगस्टांत तर पुलाजवळचें पाणी ५७ फुटांच्या वर चढलें आणि शहराच्या पेठांतून होड्या फिरल्या. नदीकांठचें सुख असें उधारीचें असतें, हें सांगलीकर जाणतात. पाणी ओसरतांच ते पुन्हा दुकानांच्या फळ्या उघडतात.

तेव्हां, श्रोतेहो, या दोन राजधान्यांत काय उरलें? गाद्या गेल्या, रेसिडेंट गेले, खालसा करणारेहि गेले. एका राजवाड्यांत शाळा उरली, एका दरबारांतून नाटक उरलें. राजांनीं स्वतःसाठीं जें राखावयाचें म्हटलें तें राहिलें नाहीं. जें लोकांच्या हातीं पडलें तें लोकांनीं पुढें नेलें. पुढच्या सुट्टींत महाबळेश्वरास निघालांत, तर दोन दिवस हातचे राखून ठेवा. मुलांना घेऊन माहुलीच्या पायऱ्यांवर बसा, साताऱ्याच्या त्या शाळेसमोर क्षणभर उभे राहा, आणि सांगलीस एखादें नाटक पाहून मग परता.