कर्नाळ्यावरून दिसलेला धूर

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मार्चमधल्या एका रविवारी कर्नाळ्याला जाऊन आलो, त्याची ही नोंद. ट्रेकचं वर्णन कमी आणि जुनी टोचणी जास्त आहे, तेव्हा मंडळी, सांभाळून घ्या.

तुर्भ्याहून सकाळची ठाणे-पनवेल लोकल, पनवेलहून पेणकडे जाणारी एसटी, आणि मुंबई-गोवा रस्त्यावर पक्षी अभयारण्याच्या गेटपाशी उतरायचं. अभयारण्य झालं १९६८ साली, किल्ला त्याच्या कितीतरी आधीचा. झाडीतून चढत गेलं की कर्नाई देवीचं देऊळ, पडके दरवाजे आणि मग तो अंगठ्यासारखा सुळका. पनवेलवरून कोकणात जाणाऱ्या प्रत्येकाने गाडीच्या खिडकीतून तो पाहिलेला असतो. सुळक्याच्या बुडाशी खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. वर कपारींत आग्या मोहोळाची पोळी, त्यामुळे इथे आरडाओरडा बंद.

किल्ला तसा लहान. राजधानीचा नव्हे, मोठ्या शिबंदीचाही नव्हे. याचं काम एकच, नजर ठेवणं. पनवेलचं बंदर, बोरघाटाकडे जाणारी वाट आणि खाली कोकणात उतरणारा रस्ता या सगळ्यांवर इथून डोळा ठेवता येतो. म्हणूनच तो प्रत्येकाला हवा होता. १५४० च्या सुमारास गुजरातच्या सुलतानाने तो घेतला, तेव्हा अहमदनगरच्या निजामशहाने वसईच्या पोर्तुगीजांची मदत मागितली. १६७० मध्ये शिवाजीमहाराजांनी तो मोगलांकडून जिंकला. पुढे पेशवाईत आद्यक्रांतिकारक वासुदेव बळवंत फडक्यांचे आजोबा इथे किल्लेदार होते. त्यांचं शिरढोण गाव इथून अगदी जवळ. १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरने किल्ला घेतला आणि टेहळणीचं काम संपलं.

ही यादी मनात घोळवत टाक्यापाशी बसलो होतो. यादीत घेणारे आहेत, सोडणारे आहेत. पण रात्र रात्र जागून बघत बसलेला एकही माणूस त्यात नाही.

तेवढ्यात समोरच्या डोंगराच्या सोंडेवर धूर दिसला. आधी बारीक रेघ, मग खालून काळसर होत गेलेला. वणवा! आणि मला एकदम तुर्भ्याचा डोंगर आठवला.

दहावीची परीक्षा संपली होती. आम्ही चौघं मित्र घरामागच्या डोंगरावर कांदे-बटाटे भाजायला गेलो. तीन दगडांची चूल मांडली, खाल्लं, निखाऱ्यांवर माती लोटली. नीट लोटली नाही. अर्धा डोंगर उतरलो आणि मागे गवताने पेट घेतला. आम्ही पळालो. त्या रात्री सगळी बिल्डिंग गच्चीवर जमली. कुणीतरी म्हणालं, काय सुंदर दिसतंय, डोंगराला दिव्यांची माळ घातल्यासारखं. मी आईशेजारी गप्प उभा होतो. दुसऱ्या दिवशी पायथ्याला शेळ्या राखणाऱ्या एक आजी भेटल्या. शिव्या नाही, काही नाही. नुसतं म्हणाल्या, "पावसापर्यंतचा चारा गेला रे बाबा."

आई, तू हे वाचशीलच. तेव्हा सांगायचं राहिलं, ते आज सांगतोय.

अमेरिकेत १९१० च्या ऑगस्टमध्ये दोन दिवसांत सुमारे तीस लाख एकर जंगल जळालं. त्यानंतर तिथे डोंगरमाथ्यांवर आग बघणाऱ्यांच्या चौक्यांचं जाळं उभं राहिलं. लेखक जॅक केरुअॅकने १९५६ च्या उन्हाळ्यात अशा एका चौकीत ६३ दिवस एकट्याने काढले. आपल्याकडे २००४ पासून भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाच्या मदतीने वणव्यांच्या सूचना देते. पण उपग्रह वरून जाईल तेव्हा बघणार, आणि झाडीखालची लहान आग त्याला दिसेलच असं नाही.

मी धडपडत खाली उतरलो. वाटेत भेटलेल्या वनमजुराला धूर दाखवायला लागलो, तर तो म्हणाला, "दिसला साहेब मगाशीच. पोरं निघालीत." तोही निघालाच होता. हातात कोयता आणि हिरव्या पाल्याची एक डहाळी. बस्स. वणवा विझवायचं हत्यार आजही तेच आहे, डहाळीने झोडपायचं आणि पुढचं गवत कापून आगीची वाट तोडायची.

मी बरोबर येऊ का, असं विचारलं. त्याने माझ्या बुटांकडे पाहिलं, हसला आणि म्हणाला, "तुम्ही खाली जा. आणि काडी पेटवू नका, एवढंच करा."

तासाभराने रस्त्यावरून मागे पाहिलं, तर धूर विरळ झाला होता. त्याचं नाव विचारायचं माझ्याकडूनही राहिलंच.

असो. उन्हाळ्यात डोंगरावर जाल तेव्हा चूल मांडू नका.