राजाची काठी आणि भिकाऱ्याची काठी

राजाच्या हातातल्या काठीला आपण राजदंड म्हणतो. दंड म्हणजे काठी आणि दंड म्हणजे शिक्षासुद्धा, त्यामुळे हा शब्द ऐकला की उगारलेला हातच डोळ्यांसमोर येतो. इंग्रजीत याला सेप्टर म्हणतात. हा शब्द लॅटिनमार्गे आला तो ग्रीक 'स्केप्त्रोन' या शब्दावरून. गंमत अशी की ज्या क्रियापदापासून स्केप्त्रोन झाला, त्याचा अर्थ आहे टेकणे, रेलणे. म्हणजे मुळात ही टेकायची काठी!

होमरच्या 'इलियड'मध्ये ही काठी अगदी सुरुवातीपासून भेटते. अपोलोचा म्हातारा पुजारी आपली मुलगी सोडवायला येतो, तो देवाच्या पट्ट्या बांधलेले सोन्याचे स्केप्त्रोन हातात घेऊन. राजा अ‍ॅगमेम्नॉन त्याला हाकलून देतो, वर सांगतो की पुन्हा इथे दिसलास तर ही काठीही तुला वाचवणार नाही. पुढे सगळा अनर्थ त्यातूनच होतो.

ही काठी फक्त राजांची किंवा पुजाऱ्यांची नव्हती. सभेत बोलायला उठलेल्या माणसाच्या हातात ती दिली जाई. 'ओडिसी'त कोवळा टेलिमॅकस पहिल्यांदा सभेत उभा राहतो तेव्हा दूत त्याच्या हातात ती देतो. काठी हातात आहे तोवर बोलण्याचा हक्क तुमचा. (आपल्याकडच्या काही सभांना ही सोय फार उपयोगी पडेल!) बिचारा टेलिमॅकस बोलून झाल्यावर रडतो आणि ती काठी जमिनीवर फेकतो.

फेकतो अकिलीससुद्धा, पण रागाने. त्याआधी तो त्याच काठीची शपथ घेतो. झाडापासून तोडल्यावर, साल आणि पाने तासून काढल्यावर या लाकडाला आता कधी पालवी फुटणार नाही, असे तो म्हणतो. आणि असे मेलेले लाकूड हातात धरूनच ग्रीकांचे पंच न्याय देतात. मला 'इलियड'मधली ही जागा फार आवडते. त्या काठीवर सोन्याचे खिळे ठोकलेले आहेत, पण अकिलीसला आठवते ते डोंगरावरचे झाड.

अ‍ॅगमेम्नॉनच्या काठीची तर वंशावळच होमर देतो. हेफेस्टसने घडवली, झ्यूसला दिली, झ्यूसने हर्मीसला, त्याने पेलोप्सला, मग एट्रियस, मग थायेस्टीस, आणि मग अ‍ॅगमेम्नॉन. एवढी थोर काठी. पण त्याच दुसऱ्या सर्गात ओडिसिअस ती हातात घेतो आणि थर्सायटीस नावाच्या एका कुरूप, तोंडाळ सैनिकाच्या पाठीत हाणतो. वळ उठतो, तो रडतो आणि बाकीचे सैनिक हसतात. थर्सायटीस म्हणत काय होता? राजा लोभी आहे, लूट तो नेतो आणि लढतो आम्ही. थोड्याफार फरकाने अकिलीस पहिल्या सर्गात हेच बोलला होता. पण अकिलीसच्या हातात काठी होती आणि थर्सायटीसच्या पाठीवर. मी आयुष्यभर शाळेत शिकवले, छडीच्या काळात शिकवले. वर्ग हसला म्हणजे शिक्षा योग्यच होती असे नव्हे, हे शिक्षकाला वेगळे सांगावे लागत नाही.

आता 'ओडिसी'कडे या. वीस वर्षांनी ओडिसिअस घरी परततो. कोणी ओळखू नये म्हणून अथीना त्याला भिकारी बनवते. चिंध्या, फाटकी झोळी आणि एक काठी. या काठीला होमर काय म्हणतो? स्केप्त्रोन! पुढे वाट निसरडी आहे म्हणून तो आपल्या डुकरे राखणाऱ्या गड्याकडे, यूमिअसकडे, टेकायला काठी मागतो, आणि यूमिअस त्याला देतो तेही स्केप्त्रोनच. ज्या हातात थर्सायटीसला मारणारी काठी होती, त्याच हातात आता ही. शब्द तोच. होमरने हे मुद्दाम केले का, यावर विद्वानांनी वाद घालावा. ऐकणाऱ्याच्या कानावर मात्र दोन्हीकडे एकच शब्द पडत होता.

रोजच्या काठीला ग्रीकांकडे दुसरे शब्द होतेच. त्यातल्या 'बाक्तेरिया'वरून एकोणिसाव्या शतकात सूक्ष्मदर्शकाखालच्या काठीसारख्या जंतूंना नाव मिळाले. असो, तो वेगळाच विषय.

सोफोक्लीसच्या 'ईडिपस राजा' या नाटकातही स्केप्त्रोन दोनदा असे येते की अंगावर काटा येतो. तिठ्यावर भेटलेल्या अनोळखी म्हाताऱ्याला ईडिपसने मारले ते हातातल्या स्केप्त्रोनने. तो त्याचा बाप होता. आणि आंधळा टायरेसिअस त्याला भविष्य सांगतो, की तू आंधळा होऊन स्केप्त्रोनने वाट चाचपत परक्या मुलखात जाशील.

अ‍ॅगमेम्नॉनच्या त्या थोर काठीचे पुढे काय झाले? इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पॉसेनिअस नावाचा प्रवासी ग्रीसभर हिंडला. त्याने लिहून ठेवले आहे की कायरोनिया गावचे लोक सगळ्या देवांहून अधिक मान एका काठीला देतात. ही तीच, हेफेस्टसने घडवलेली, असा त्यांचा दावा. गावाच्या सीमेवर ती सोन्यासकट सापडली म्हणे. सोने शेजारच्या फोकिसवाल्यांनी नेले, आणि काठी मिळाली यातच कायरोनियाचे लोक खूश. तिला देऊळ नव्हते. दरवर्षी जो पुजारी असेल त्याच्या घरी ती वर्षभर राही. रोज तिला बळी दिला जाई आणि पुढ्यात मांस व तऱ्हेतऱ्हेच्या पोळ्या मांडलेले टेबल असे. स्केप्त्रोन मात्र तिला गावात कोणी म्हणत नसे. गावकऱ्यांनी तिचे नाव ठेवले होते 'भाला'.