पर्ल भाषेतील मोड्यूल-व्यवस्था

संगणकाच्या पर्ल या भाषेत वेगळ्या फाइलीत लिहून ठेवलेला व अनेक आज्ञावल्यांना वापरता येणारा आज्ञासमूह म्हणजे मोड्यूल होय. मोड्यूल आणविणे, त्यातील नावांची निर्यात करणे आणि एका वर्गाच्या पद्धती दुसऱ्यास वारशाने मिळणे, या तीन व्यवहारांसाठी पर्लने मोजकीच साधने पुरविली आणि बाकीचा भार संकेतांवर सोपविला. या भाषेच्या प्रसाराचे आणि तिच्यातील काही दोषांचेही मूळ या धोरणात आढळते.

पूर्वेतिहास : अमेरिकन आज्ञावलीकार लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये पर्लची पहिली आवृत्ती प्रसृत केली. मजकुरातून माहिती वेचून अहवाल तयार करणे, हा तिचा आरंभीचा उद्देश होता. १९९१ मधील चौथ्या आवृत्तीत ‘रिक्वायर’ या आज्ञेने दुसरी फाइल आणता येई आणि ‘पॅकेज’ या घोषणेने नावांचे स्वतंत्र क्षेत्र आखता येई. १७ ऑक्टोबर १९९४ रोजी आलेल्या पाचव्या आवृत्तीने या पायावर मोड्यूल व वस्तू यांची उभारणी केली. १९९५ मध्ये सीपॅन हे सार्वजनिक भांडार खुले झाले आणि परस्परांशी अपरिचित अशा लेखकांची मोड्यूले एकाच आज्ञावलीत नांदू लागली.

आणवणी : ‘रिक्वायर’ ही आज्ञा अंमलबजावणीच्या वेळी, तर ‘यूज’ ही संकलनाच्या वेळीच कार्य करते. ‘यूज’ प्रथम मोड्यूल आणविते व नंतर त्याची ‘इंपोर्ट’ ही पद्धती असल्यास तिला पाचारण करते. ‘लिस्ट::युटिल’ असे नाव आल्यास ‘आयएनसी’ या सूचीतील निर्देशिका क्रमाने पाहून ‘लिस्ट’ या उपनिर्देशिकेतील ‘युटिल.पीएम’ ही फाइल शोधली जाते. आणलेल्या फाइलीची नोंद राहत असल्याने ती पुन्हा आणली जात नाही.

निर्यात : ‘इंपोर्ट’ ही भाषेची खास आज्ञा नसून एक सामान्य सबरूटीन आहे. बहुसंख्य मोड्यूले ती ‘एक्सपोर्टर’ या मोड्यूलाकडून घेतात. आपोआप द्यावयाची नावे एका सूचीत आणि मागितल्यासच द्यावयाची नावे दुसऱ्या सूचीत नोंदविली जातात. निर्यातीत सबरूटीनची प्रत होत नाही. मागणाऱ्या पॅकेजच्या चिन्हसारणीत त्याच सबरूटीनला दुसरे नाव मिळते. दोन मोड्यूलांनी एकच नाव दिल्यास नंतरचे आधीच्याची जागा घेते. म्हणून ‘लिस्ट::युटिल’ आपणहून काहीच देत नाही. याउलट ‘पॉसिक्स’ हे मोड्यूल असंख्य नावे आपोआप देते.

वारसा : पर्लमध्ये वर्ग म्हणजे पॅकेजच होय. त्यातील ‘आयएसए’ या सूचीत पूर्वज वर्गांची नावे असतात. पद्धती न सापडल्यास शोध या सूचीतून डावीकडून उजवीकडे, पण प्रत्येक शाखेच्या मुळापर्यंत जाऊन होतो. वारशाने पद्धती मिळतात, चल मिळत नाहीत. ‘इंपोर्ट’ हीसुद्धा पद्धतीच असल्यामुळे जुनी मोड्यूले ‘एक्सपोर्टर’ला पूर्वज मानून ती मिळवीत, अशा रीतीने निर्यात वारशावर आधारली गेली. दोन जनकांचा पूर्वज एकच असल्यास दुसऱ्या जनकाने सुधारलेली पद्धती डावलली जाऊन पूर्वजाचीच मूळ पद्धती हाती येई. ५.१० या आवृत्तीने (२००७) सी३ हा पर्यायी शोधक्रम देऊन त्यावर उपाय केला.

संकेतांच्या मर्यादा : परक्या पॅकेजमधील नावांना हात लावू नये, हा पर्लमध्ये निर्बंध नसून शिष्टाचार होता. विश्वासावर चालणाऱ्या या व्यवस्थेतील धोका २०१६ मध्ये प्रकर्षाने दिसून आला. ‘आयएनसी’ सूचीच्या शेवटी चालू निर्देशिका असे. त्यामुळे सर्वांना लिहिता येणाऱ्या निर्देशिकेत कोणी योग्य नावाची फाइल ठेवल्यास, तेथून आज्ञावली चालविणाऱ्या व्यवस्थापकाच्या अधिकाराने ती फाइल कार्यान्वित होऊ शके. ५.२६ या आवृत्तीने (२०१७) ही निर्देशिका सूचीतून वगळली. तीवर विसंबलेल्या काही जुन्या आज्ञावल्यांना मात्र दुरुस्तीची गरज पडली. ५.३८ या आवृत्तीत (२०२३) वर्ग, क्षेत्र व पद्धती यांसाठी स्वतंत्र शब्द प्रायोगिक स्वरूपात दाखल झाले. जे दीर्घकाळ संकेताने चालत आले, ते भाषेच्या नियमांत आणण्याकडे हा प्रवास झुकलेला दिसतो.