अघोषित रोख उत्पन्न

अघोषित रोख उत्पन्न म्हणजे रोखीने हाती आलेले, करपात्र असूनही प्राप्तिकर विवरणपत्रात न दाखविलेले उत्पन्न होय. बोलीभाषेत त्यास 'दोन नंबरचा पैसा' असे म्हणतात. 'काळा पैसा' ही संज्ञा याहून व्यापक असून तीत लाच, तस्करी इत्यादी मूळतःच बेकायदेशीर मार्गांनी मिळविलेल्या पैशाचाही समावेश होतो. रोखीने पैसे घेणे हा स्वतः अपराध नव्हे. शिकवणीची फी, किराणा दुकानाचा गल्ला किंवा सुतारकामाची मजुरी रोजकीर्दीत नोंदली गेली आणि तिच्यावरील कर भरला गेला, की ते उत्पन्न धनादेशाने आलेल्या उत्पन्नाइतकेच वैध ठरते. या दोहोंत गल्लत केल्यामुळे अनेक लहान व्यावसायिक विनाकारण भयभीत असतात, तर काही जण विनाकारण निर्धास्त.

भारतात हा विषय दीर्घकाळ प्राप्तिकर अधिनियम, १९६१ याच्या कक्षेत होता. १ एप्रिल २०२६ पासून त्याची जागा प्राप्तिकर अधिनियम, २०२५ याने घेतली. या लेखातील कलमांचे क्रमांक व दर १९६१ च्या अधिनियमातील आहेत.

ग्रामीण महाराष्ट्रातील स्वरूप

नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुका हे या प्रश्नाचे बोलके उदाहरण आहे. विडी उद्योगासाठी पूर्वापार प्रसिद्ध असलेल्या या तालुक्यात पुढे मुसळगाव व माळेगाव येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. शेती, दूध, कोंबडीपालन, वाहतूक, कारखान्यांतील उक्ती कामे असे अनेक व्यवसाय एकाच कुटुंबात नांदतात आणि त्यांचा पैसा बहुधा एकाच पेटीत जमा होतो. करविषयक गोंधळाचा उगम येथेच आहे.

शेतीचे उत्पन्न कलम १०(१) अन्वये केंद्रीय प्राप्तिकरातून मुक्त आहे. मात्र 'शेती' या शब्दाचा कायद्यातील अर्थ मर्यादित आहे. राजा बिनयकुमार सहस राय खटल्यात (१९५७) सर्वोच्च न्यायालयाने नांगरणी, पेरणी यांसारखी जमिनीवरील मूलभूत कामे हा शेतीचा गाभा असल्याचे ठरविले. त्यामुळे स्वतःच्या शेतातील कांद्याची विक्री करमुक्त, पण दुसऱ्याचा कांदा विकत घेऊन चाळीत साठवून विकणे हा व्यापार होय. दूध व कोंबडीपालन शेतकऱ्याच्या घरचे असले तरी कायद्याच्या दृष्टीने ते शेतीउत्पन्न नाही. शिवाय करपात्र उत्पन्न मूळ सवलतीच्या मर्यादेपेक्षा जास्त आणि शेतीउत्पन्न ५,००० रुपयांहून अधिक असेल, तर उर्वरित उत्पन्नावरील दर ठरविताना शेतीउत्पन्न हिशेबात धरले जाते. व्यापाराचा नफा 'शेतीचा पैसा' म्हणून दाखविण्याची युक्ती जुनी आहे. तपासणीत सातबारा उतारा, पीकपेऱ्याची नोंद व बाजार समितीची हिशेबपट्टी मागितली गेली की ती टिकत नाही.

बाजार समितीतील रोखीला कायद्यानेही काही वाव ठेवला आहे. एका दिवसात एका व्यक्तीस १०,००० रुपयांहून अधिक रोख दिल्यास व्यापाऱ्यास तो खर्च वजा मिळत नाही (कलम ४०अ(३)). शेतमाल पिकविणाऱ्यास दिलेली किंमत मात्र नियम ६डीडी अन्वये या बंधनातून वगळलेली आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये प्राप्तिकर विभागाने नाशिक जिल्ह्यातील कांदा व्यापाऱ्यांच्या जागांवर छापे घातले, तेव्हा त्याचा परिणाम बाजारभावावरही झाला. हिशेब व्यापाऱ्याचा तपासला गेला, भाव शेतकऱ्याचा पडला.

जमिनीचे व्यवहार हा दुसरा मोठा स्रोत. समृद्धी महामार्ग सिन्नर तालुक्यातून गेला आहे. १०,००० ते १ लाख लोकसंख्येच्या नगरपालिकेच्या हद्दीपासून सरळ रेषेत २ किलोमीटरच्या आतील शेतजमीन ही भांडवली मालमत्ता असून तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागतो. सिन्नर शहर याच गटात मोडते. खरेदीखतात कमी रक्कम लिहून उरलेली रोखीने घेण्याची प्रथा सर्वपरिचित आहे, परंतु मुद्रांक शुल्कासाठी धरलेले मूल्य हीच किंमत मानण्याचा अधिकार कलम ५०क देते (१० टक्क्यांपर्यंतचा फरक क्षम्य). स्थावर मालमत्तेपोटी २०,००० रुपये वा अधिक रोख घेतल्यास तितकाच दंड होऊ शकतो. कोणत्याही व्यवहारात एका व्यक्तीकडून एका दिवसात २ लाख रुपये वा अधिक रोख घेण्यास कलम २६९एसटीने १ एप्रिल २०१७ पासून मनाई केली. येथेही दंड रकमेइतकाच आहे आणि तो देणाऱ्यावर नव्हे, घेणाऱ्यावर आहे.

स्वतः दाखविणे व सापडणे

कायद्याने या दोन स्थितींत फार मोठे अंतर ठेवले आहे. ज्या रोख रकमेचा उगम सांगता येतो, तिच्यावर नेहमीच्या टप्प्यांच्या दराने कर लागतो. उगमाचे समाधानकारक स्पष्टीकरण न देता आलेल्या रकमेवर २०१६ च्या दुरुस्तीनंतर कलम ११५बीबीई लागू झाले: ६० टक्के कर, त्या करावर २५ टक्के अधिभार व ४ टक्के उपकर, एकूण ७८ टक्के. कोणतीही वजावट नाही. म्हणून जुनी वही, पावतीपुस्तके, विद्यार्थ्यांची वा गिऱ्हाइकांची यादी यांची किंमत कागदापेक्षा कितीतरी अधिक असते.

मागील वर्षांचे राहून गेलेले उत्पन्न दाखविण्यासाठी २०२२ मध्ये 'अद्ययावत विवरणपत्रा'ची (आयटीआर-यू) सोय झाली. आकारणी वर्ष संपल्यापासून पहिल्या १२ महिन्यांत कर व व्याज यांच्या २५ टक्के, २४ महिन्यांपर्यंत ५० टक्के अतिरिक्त कर भरावा लागे. २०२५ मध्ये मुदत ४८ महिने झाली आणि तिसऱ्या वर्षासाठी ६० व चौथ्यासाठी ७० टक्के दर आला. उदाहरणार्थ, कर व व्याज मिळून ४०,००० रुपये होत असल्यास अतिरिक्त रक्कम अनुक्रमे १०,०००, २०,०००, २४,००० व २८,००० रुपये. परतावा वाढविण्यासाठी किंवा कर कमी करण्यासाठी हे विवरणपत्र चालत नाही. झडती वा सर्वेक्षण झाल्यावर त्या व त्याआधीच्या वर्षांसाठी ही वाट बंद होते. विभागानेच चूक शोधल्यास कमी दाखविलेल्या उत्पन्नावरील कराच्या ५० टक्के व खोटी माहिती दिल्यास २०० टक्के दंड होतो (कलम २७०अ).

लहान व्यावसायिकास तपशीलवार खतावणी ठेवणे जमत नसेल, तर कलम ४४एडीनुसार उलाढालीच्या ८ टक्के (बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के) नफा गृहीत धरता येतो. ही तरतूद जितकी उपयुक्त, तितकीच खेडोपाडी अपरिचित आहे.

बचत खात्यात वर्षभरात १० लाख रुपये वा अधिक रोख भरल्यास बँक, आणि ३० लाख रुपये वा अधिक मूल्याच्या खरेदीखताची दुय्यम निबंधक, विभागास माहिती देतात.

प्रकटीकरण योजना

स्वेच्छा प्रकटीकरणाची पहिली योजना १९५१ मध्ये आली व महावीर त्यागी यांच्या नावाने ओळखली गेली. त्यानंतर १९६५ व १९७५ मध्येही अशा योजना आल्या. माजी सरन्यायाधीश वांच्छू यांच्या समितीने १९७१ च्या अहवालात अशा योजनांविरुद्ध मत दिले होते, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. १९८१ मध्ये विशेष धारक रोख्यांची घटनात्मकता सर्वोच्च न्यायालयाने आर. के. गर्ग खटल्यात मान्य केली.

१ जुलै ते ३१ डिसेंबर १९९७ या काळातील योजनेत व्यक्तींसाठी ३०, तर कंपन्यांसाठी ३५ टक्के दर होता, म्हणजे प्रामाणिक करदात्याच्या कमाल दराहून अधिक काही नाही. सुमारे ३३,००० कोटी रुपयांचे उत्पन्न घोषित झाले. दागिने व चांदी जुन्या वर्षांच्या भावाने दाखवून कर घटविला गेल्याबद्दल नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी कठोर टीका केली. २०१६ च्या योजनेत (१ जून ते ३० सप्टेंबर) दर ४५ टक्के होता. १ ऑक्टोबर रोजी ६४,२७५ घोषणांतून ६५,२५० कोटी रुपये जाहीर झाल्याचे सांगण्यात आले.

८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर १४ नोव्हेंबरपासून जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा घेण्यास मनाई झाली. ज्यांचे सर्व व्यवहार याच बँकांतून चालत, त्या शेतकऱ्यांची त्यामुळे मोठी कुचंबणा झाली. रद्द नोटांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक रक्कम परत आल्याचे रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये जाहीर केले. दरम्यान, ४९.९ टक्के कर व दंड भरून २५ टक्के रक्कम चार वर्षे बिनव्याजी ठेवण्याची प्रधानमंत्री गरीब कल्याण योजना ३१ मार्च २०१७ पर्यंत खुली होती.