सोयरीक, पंगत आणि कातडीचा रंग

मामाची मुलगी आमच्यात चालते, मग शेजाऱ्यांच्यात का चालत नाही? त्यांच्या घरी पाणी प्यायलो म्हणून आजी का रागावली? मुलगी एवढी शिकली तरी स्थळ बघताना तिच्या सावळ्या रंगाचीच चर्चा का होते? आडनाव सांगून झाल्यावर पाहुणे मूळ गाव का विचारतात? मराठी घरातले लहान मूल यातला एखादा तरी प्रश्न कधी ना कधी विचारतेच, आणि बहुतेक वेळा त्याला गप्प बसवले जाते. प्रश्न मात्र जात नाही. तो पुढे रेल्वेच्या डब्यात, वधूवर मेळाव्यात, भाड्याची खोली शोधताना दबक्या आवाजात निघत राहतो. हे प्रश्न पोरकट नाहीत, असभ्य तर नाहीतच. मानवशास्त्र नावाची एक सबंध विद्या त्यांच्यावर उभी आहे. त्या विद्येकडे पहिल्यांदाच वळणाऱ्या वाचकासाठी ही प्रस्तावना आहे.

सुरुवात इरावती कर्वे यांच्यापासून करणे योग्य होईल. 1905 साली ब्रह्मदेशात जन्मलेल्या आणि तिथल्या इरावती नदीचे नाव मिळालेल्या या बाई 1928 साली बर्लिनला गेल्या. तिथल्या मानवशास्त्र संस्थेचे प्रमुख होते ऑयगेन फिशर. वंशावंशांत उच्चनीच असते असे मानणारे हे गृहस्थ. त्यांच्या विचारांचा पुढे नाझी राजवटीला केवढा उपयोग झाला, हे आज सर्वांना ठाऊक आहे. माणसाची कवटी दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखी नसते. युरोपीय गोऱ्यांच्या कवटीतली ही विषमता त्यांच्या वरचढ बुद्धीची खूण आहे, अशी फिशर यांची कल्पना होती. ती तपासण्याचे काम कर्वे यांच्याकडे आले. त्यांनी 149 कवट्या मोजल्या आणि कवटीच्या विषमतेचा वंशाशी काही संबंध लागत नाही, असा निष्कर्ष प्रबंधात नोंदवला. ज्या गुरूच्या हाताखाली पदवी मिळवायची, त्याच्याच सिद्धान्ताविरुद्ध जाणारा निष्कर्ष पंचविशीच्या आतली एक हिंदुस्थानी विद्यार्थिनी परक्या देशात लिहून देते, याचे मोल मला फार वाटते. या विद्येत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट आधी माहीत असावी.

कवट्यांसारखीच नाकेही मोजली गेली. 1901 च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाची रुंदी आणि उंची यांचे प्रमाण काढून जातींची उतरंड लावली. नाक जितके रुंद तितकी जात खालची, असा त्यांचा नियम. मुंबई विद्यापीठातले गोविंद सदाशिव घुर्ये यांनी 1932 च्या आपल्या ग्रंथात हीच मापे प्रांतवार तपासली, तेव्हा उत्तरेचा काही भाग सोडला तर हा नियम टिकेना. महाराष्ट्रात तर नाकावरून जात ओळखण्याची सोयच उरली नाही. पुढे 1948 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यतेच्या उगमावर लिहिताना अशाच मापांचा आधार घेऊन दाखवले, की ब्राह्मण आणि अस्पृश्य हे वेगवेगळ्या वंशांचे नाहीत. माणसांना खालीवर लावण्यासाठी जमवलेले आकडेच ती उतरंड मोडायला कामी आले.

रंगाबद्दल थोडक्यात सांगतो. कातडीतले मेलॅनिन उन्हातल्या अतिनील किरणांपासून शरीराला जपते. जिथे ऊन प्रखर तिथे ते जास्त, जिथे ऊन मंद तिथे कमी, कारण मंद उन्हात ड जीवनसत्त्व तयार व्हायला फिकट कातडी सोयीची पडते. हजारो वर्षांच्या उन्हाचा हा हिशेब आहे. बुद्धी, शील, कर्तबगारी यांच्याशी त्याचा संबंध नाही. सगळ्या माणसांतले जनुकीय वेगळेपण एकत्र मांडले, तर त्यातले सुमारे 85 टक्के एकाच समूहाच्या आत सापडते, हे रिचर्ड लेवोंटिन यांनी 1972 सालीच दाखवले होते. तरीही गोरेपणाची एक क्रीम 1975 पासून आपल्याकडे खपत आली आणि तिच्या नावातला गोरेपणा निघायला 2020 साल उजाडावे लागले. ज्या प्रदेशाचे दैवत सावळे आहे आणि त्या सावळेपणावर जिथे शेकडो वर्षे अभंग रचले गेले, तिथल्या लग्नाच्या जाहिरातीत आजही ‘गोरी’ हा शब्द आधी येतो. याचे उत्तर शरीरात शोधून मिळणार नाही.

मग ते कुठे मिळेल? मला जे सांगायचे आहे ते इथे आहे. वंश म्हणून आपण ज्याकडे बोट दाखवतो, तो मुळात लग्नाचा इतिहास असतो. कोणी कोणाशी सोयरीक करायची याचे कुंपण पिढ्यान्‌पिढ्या राखले की आतली माणसे हळूहळू एकमेकांसारखी दिसू लागतात, आणि मग ते सारखेपण पाहून आपण म्हणतो, ही माणसे मुळातच वेगळी. पंचवीस वर्षांच्या आंबेडकरांनी 9 मे 1916 रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जो निबंध वाचला, त्याचे सूत्र हेच होते. जातीचा प्राण धंद्यात नाही, विटाळातही नाही. तो बेटीबंदीत आहे. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन चालींची मांडणी त्यांनी हे कुंपण टिकवण्याचे उपाय म्हणून केली. स्त्रीचे दुःख आणि जातीची भिंत एकाच जागी बांधलेली आहेत, हे इतक्या स्वच्छपणे त्याआधी कोणी मांडल्याचे माझ्या वाचनात नाही.

हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर 2013 साली जनुकांच्या अभ्यासातून जे मांडले, ते या सूत्राला जोड देणारे आहे. सुमारे 4,200 ते 1,900 वर्षांपूर्वीच्या काळात भारतातले वेगवेगळे समूह मोठ्या प्रमाणावर मिसळत होते, आणि नंतर ही सरमिसळ थांबत गेली. म्हणजे आपण सगळेच मिश्र आहोत. कुंपण नंतर पडले. कर्वे यांनी महाराष्ट्रातल्या कुंभारांबद्दल नोंदवलेली गोष्ट याच्या शेजारी ठेवून पाहावी. थोरचाके आणि लहानचाके कुंभार दोघेही मडकीच घडवतात, पण त्यांची चाके निराळी आणि त्यांच्यात सोयरीक होत नाही. एकच जात फुटून तिच्या पोटजाती झाल्या, असे आपण सहज धरून चालतो. कर्वे यांचे म्हणणे उलट होते. मुळात वेगळे असलेले समूह एका धंद्याच्या नावाखाली शेजारी शेजारी बसले असतील. हा वाद अजून मिटलेला नाही, आणि तरुण अभ्यासकांना इथे भरपूर काम आहे.

आता मामाच्या मुलीचा प्रश्न. उत्तर भारतात बहुतेक ठिकाणी मामेबहीण ही बहीणच, लग्नाचा विचारही पाप. दक्षिणेत ती हक्काची नवरी. कर्वे यांनी 1953 साली प्रसिद्ध झालेल्या आप्तसंबंधांवरच्या ग्रंथात भारताचे जे विभाग पाडले, त्यांत महाराष्ट्र मधल्या पट्ट्यात येतो. म्हणून इथे दोन्ही रीती नांदतात. अनेक मराठा-कुणबी घरांत मामाची मुलगी चालते, आत्याची सहसा चालत नाही, आणि कित्येक ब्राह्मण पोटजातींत दोन्ही नकोत. सुनेने सासूला आत्याबाई आणि सासऱ्यांना मामंजी म्हणण्याची जुनी पद्धत आठवून पाहा. सासू खरोखरच सुनेची आत्या असेल, तर मुलाने मामाचीच मुलगी केलेली असते. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात भाऊबहिणींच्या मुलांचे लग्न निषिद्ध आहे, पण रूढी असेल तर मुभाही आहे. तेव्हा ‘त्यांच्यात असले चालते’ असे नाक मुरडून म्हणण्याआधी आपण या नकाशावर कुठे उभे आहोत, हे पाहावे.

बेटीबंदीवर पहारा ठेवण्याचे काम रोटीबंदी करते. जे एकत्र जेवतात त्यांच्यात ओळख वाढते, येणेजाणे होते, आणि उद्या मुलेमुली एकमेकांना पसंत करतील ही भीती असते. म्हणूनच सुधारकांनी पहिला घाव पंगतीवर घातला. 1849 च्या सुमारास मुंबईत परमहंस सभेत येणाऱ्याला ख्रिस्ती भटारखान्यातला पाव खावा लागे. 1890 साली पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा-बिस्किटे पुढे आली, तेव्हा टिळक आणि रानडे दोघेही त्या मंडळींत होते. एका कपभर चहावरून ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, झाले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि दोघांनाही पुढे प्रायश्चित्त घ्यावे लागले. 1928 साली लोकमान्यांचे चिरंजीव श्रीधरपंत यांनी गायकवाड वाड्यात समता संघाची शाखा काढून सहभोजन घातले, त्याला डॉ. आंबेडकर उपस्थित होते.

कर्वे पंढरीच्या वारीत चालल्या, तेव्हाही त्यांना पंगतीतला हाच भेद खुपला. दिंडी एक, अभंग एक, वाट एक. स्वयंपाक मात्र ब्राह्मणांचा वेगळा आणि मराठ्यांचा वेगळा. त्यांनी ते झाकले नाही. ज्या वारीवर त्यांचे अपार प्रेम होते, तिच्याबद्दलही त्यांनी जे पाहिले ते लिहिले. आज पुण्या-मुंबईत घरमालक विचारतो, ‘तुम्ही नॉनव्हेज खाता का?’ या प्रश्नात फोडणीच्या वासाची चिंता असेलही, पण त्याच्याआड पुष्कळदा जात आणि धर्म विचारलेला असतो. 2011-12 च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात सुमारे 27 टक्के घरांनी कोणत्या ना कोणत्या रूपात अस्पृश्यता पाळत असल्याचे सांगितले, आणि आंतरजातीय विवाह आढळले सुमारे 5 टक्के. हे दोन आकडे नेहमी सोबत वाचावेत.

वंश, सोयरीक आणि पंगत हे तिन्ही धागे एका जागी गुंतलेले पाहायचे असतील, तर कोकणातल्या बेने इस्रायलांकडे जावे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले आणि त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला समाज वाढला, अशी त्यांची परंपरा सांगते. हे लोक तेल गाळत, शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांची भाषा मराठी, आडनावे गावांवरून पडलेली. ज्या भूमीत ते रुजले तिथली रीत त्यांच्यातही उतरली. त्यांच्यात गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असे दोन भाग पडले. काळे म्हणजे बाहेरच्या स्त्रियांशी झालेल्या संबंधांतून जन्मलेल्यांचे वंशज, अशी समजूत होती. त्यांच्याशी सोयरीक नाही, त्यांच्या पंगतीला बसणे नाही. नाव रंगाचे होते, भेद मात्र सोयरिकीचा.

आणि मग 1948 नंतर हा समाज इस्रायलला जाऊ लागला. तिथे हाच प्रश्न त्यांच्याकडे उलटून आला. हे खरे यहुदी कशावरून? शतकानुशतके कोकणात राहताना यांनी घटस्फोटाचे नियम पाळले का, बाहेरच्यांशी लग्ने केली नाहीत कशावरून? 1962 साली मुख्य धर्मपीठाने सूचना काढली, की बेने इस्रायल व्यक्तीचे इतर यहुद्यांशी लग्न लावताना आई, आजी, पणजी अशी मागपर्यंत चौकशी करावी. काल जे इतरांची आजी-पणजी तपासत होते, त्यांचीच आता तपासली जाऊ लागली. हे लोक रस्त्यावर उतरले, जेरुसलेममध्ये त्यांनी धरणे धरले, आणि 1964 साली धर्मपीठाला त्या सूचनेतून त्यांचे नाव काढावे लागले. पुढे 2016 साली जनुकशास्त्रज्ञांनी सांगितले, की त्यांच्यात यहुदी आणि भारतीय असे दोन्ही पूर्वज आहेत. म्हणजे आपल्या सर्वांसारखेच तेही मिश्र. इस्रायलमध्ये त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवले. या समाजावर मराठीत अजून पुरेसे लिहिले गेलेले नाही.

असे प्रश्न विचारावेत कसे, हेही या विद्येचाच भाग आहे. पुण्यात शिकणाऱ्या मणिपूरच्या मुलीला ‘तू कुठली?’ असे विचारले, तिने मणिपूर सांगितले, आणि तरी आपण ‘नाही, पण मूळची कुठली?’ असे विचारत राहिलो, तर तो प्रश्न उरत नाही. तिचे इथले असणे आपण नाकारत असतो. एखाद्याला जाणून घेण्यासाठी विचारणे वेगळे आणि त्याला जागा दाखवण्यासाठी विचारणे वेगळे. हा फरक समोरच्या माणसाला पहिल्या शब्दातच कळतो. जात विचारून ज्यांना विहिरीवरून हाकलले गेले, त्यांच्या घरात जातीचा प्रश्न घेऊन जाताना विचारणाऱ्याने आधी स्वतःच्या घराची सगळी माहिती पुढे ठेवावी. आमच्याकडे कोणाच्या हातचे खात नसत, कोणत्या लग्नाला विरोध झाला, तुटलेले नाते पुन्हा जुळले की नाही, हे आधी सांगावे. मग समोरचा बोलला तर ऐकावे. नाही बोलला तर तो त्याचा अधिकार आहे.

वाचकांना माझी एक विनंती आहे. पुढे कोणताही ग्रंथ हातात घेण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्क स्त्रीजवळ बसा. लग्ने कोणी जुळवली, कोणाला नकार दिला आणि का, विहीर कोणती, पंगतीत कोण कुठे बसे, हे तिला विचारा आणि तिच्याच शब्दांत उतरवा. लिहिलेले तिला वाचून दाखवा, ती सांगेल तिथे दुरुस्त करा. तिचे आणि घरच्यांचे नाव गुप्त ठेवून ती वही जवळच्या महाविद्यालयातल्या समाजशास्त्र किंवा मानवशास्त्र विभागाला द्या. या विद्येला अशा वह्यांची गरज आहे, आणि सांगणारी ती पिढी आता थकत चालली आहे.